साडेसात टक्क्यांचा कॅमेरा

दिवाळी जवळ आली की आमच्या ऑफिसात दोन प्रश्न हमखास निघतात. एक म्हणजे यंदा बोनस किती, आणि दुसरा म्हणजे "कॅमेरा घ्यायचाय रे, साधा घेऊ की एकदम प्रोफेशनल?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर कोणाकडेच नसतं. दुसऱ्याचं मात्र सगळ्यांकडे असतं आणि प्रत्येकाचं वेगळं असतं.

त्यात आम्ही राहतो भुकूमला. पत्ता पुण्याचा, तालुका मुळशी. पौड रस्त्याला लागून नवीन टॉवर, मागे डोंगर, जवळच खाटपेवाडीचा तलाव जिथे राम नदी उगम पावते. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी इथून ताम्हिणीकडे जाणाऱ्या गाड्यांची जी रांग लागते, त्यातल्या निम्म्या गाड्यांत मागच्या सीटवर एक काळी बॅग असते. त्यामुळे इथे हा प्रश्न जरा जास्तच विचारला जातो. आणि यंदा तो मला गंमत म्हणून विचारला गेलेला नाही. एक मित्र नोकरी सोडून लग्नाची फोटोग्राफी करायची म्हणतोय. सुरुवातीच्या मिररलेसच्या सहा पट किमतीचा कॅमेरा हप्त्यावर घ्यायचा त्याचा विचार आहे. घरी बायको आहे, दीड वर्षाची मुलगी आहे, फ्लॅटचं कर्ज आहे. अशा माणसाला "घे रे, बघू पुढे" असं सांगून चालत नाही.

मग मी माझ्या नेहमीच्या खोडीप्रमाणे मागे मागे गेलो. आपल्याकडे हा प्रश्न पहिल्यांदा कोणाला पडला? आणि त्यांनी काय केलं? तर मंडळी, प्रश्न सव्वाशे वर्षांचा आहे, आणि ज्या तिघांनी तो तीन वेगळ्या तऱ्हांनी सोडवला ते तिघेही मराठी होते. एकाने सरळ कॅमेरा मागवला, एकाने आधी छोटा घेऊन मग मोठा घेतला आणि एकाने तर घरीच बनवला!

पहिले सावेदादा. पूर्ण नाव हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर. मुंबईत फोटोग्राफीचा व्यवसाय. ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या माणसांनी हलती चित्रं दाखवली. तिकीट एक रुपया. पॅरिसमधल्या पहिल्या जाहीर खेळानंतर अवघ्या सहा-सात महिन्यांत ही जादू मुंबईत पोचली होती. (आजच्या लाँच डेटच्या मानानेसुद्धा वाईट नाही.) फोटोग्राफर माणसाला हलतं चित्र दिसल्यावर जे व्हायचं ते झालं. सावेदादांनी इंग्लंडच्या रायली ब्रदर्सकडून एक मूव्ही कॅमेरा मागवला. किंमत २१ गिनी.

जरा हिशोब करू. गिनी म्हणजे २१ शिलिंग, म्हणजे २१ गिनी म्हणजे २२ पौंड १ शिलिंग. त्या काळात पुढे स्थिरावलेला दर धरला, पौंडाला १५ रुपये, तर साधारण ३३० रुपये. शौक म्हणून ही रक्कम लहान नव्हतीच. १८९९ साली त्यांनी मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिक दादा आणि कृष्णा न्हावी या दोन पैलवानांची कुस्ती चित्रित केली. भारतीय माणसाने भारतात केलेलं हे पहिल्यावहिल्या चित्रणांपैकी एक. मग एक माकडं नाचवणारा. पुढे केंब्रिजला सीनियर रँग्लर होऊन आलेल्या र. पु. परांजप्यांचं १९०१ सालचं आगमन. हेच परांजपे नंतर आमच्या पुण्यात फर्ग्युसनचे प्रिन्सिपॉल झाले. १९०३ चा दिल्ली दरबारही सावेदादांनी टिपला.

आता एक गोष्ट बघा. कुस्तीची ती फिल्म धुण्यासाठी पाठवली कुठे? लंडनला! बोटीने जाणार, धुऊन बोटीने परत येणार. म्हणजे हँडल फिरवल्यावर आपण काय टिपलंय हे कळायला काही आठवडे. फोकस चुकला असेल, उजेड कमी पडला असेल, पैलवान चौकटीबाहेर गेले असतील, तर ते कळेपर्यंत पैलवान आपापल्या गावी गेलेले. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला फीडबॅक लूप म्हणतो तो इतका लांब असेल तर माणूस शिकणार कसा? सावेदादा मुळातच कसलेले फोटोग्राफर होते म्हणून निभावलं. पण त्यांच्याकडून कथापट झाला नाही. छोट्या छोट्या घटना टिपल्या, विलायती फिल्मचे खेळ केले, आणि पुढे ते चित्रण सोडून थिएटर चालवण्याच्या धंद्याकडे वळले.

मला वाटतं इथे कॅमेऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. कॅमेरा होता, पण त्याच्या मागची आणि पुढची साखळी नव्हती. कच्ची फिल्म बाहेरची, धुलाई बाहेरची, हाताखाली शिकलेला माणूस नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढचा माणूस नेमकी हीच साखळी विकत घ्यायला निघाला.

दादासाहेब फाळके. त्यांची गोष्ट आपल्याला शाळेपासून माहीत असते, आणि २००९ च्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' मुळे आपल्या पिढीने ती पडद्यावरही पाहिली. पण कॅमेरा घेणाऱ्याच्या नजरेने ती पुन्हा वाचली की वेगळीच दिसते.

१९११ च्या ईस्टरच्या सुमारास फाळक्यांनी गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि ते झपाटले. वय ४०. पहिली बायको आणि मूल प्लेगात गेलेलं, दुसरा संसार मांडलेला, भागीदारांशी न पटल्यामुळे छपाईचा चांगला चाललेला धंदा सोडलेला. हा माणूस नवशिका मात्र अजिबात नव्हता. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेला, बडोद्याच्या कलाभवनात फोटोग्राफी आणि छपाईची तंत्रं आत्मसात केलेला, गोध्र्याला स्टुडिओ चालवलेला, पुराणवस्तू खात्यात ड्राफ्ट्समन आणि फोटोग्राफर म्हणून नोकरी केलेला. रंगीत छपाईची यंत्रं आणायला १९०९ साली जर्मनीलाही जाऊन आलेला. म्हणजे स्थिर फोटोग्राफीत वीसेक वर्षांचा अनुभव, यंत्रं घ्यायचा अनुभव वेगळा.

अशा माणसाने काय केलं असेल? आपण असतो तर म्हणालो असतो, "मला काय शिकवायचंय, सरळ मोठा घेतो." फाळक्यांनी तसं केलं नाही. त्यांनी परदेशातून कॅटलॉग आणि पुस्तकं मागवली, एक छोटा, स्वस्तातला कॅमेरा आणि काही रिळं घेतली. रात्री मेणबत्तीचा उजेड भिंगातून सोडून घरच्या भिंतीवर चित्रं पाडायची. रोज चार-पाच तास थिएटरात जाऊन चित्रपट पाहायचे आणि उरलेल्या वेळात प्रयोग. झोप जवळपास नाहीच. याचा परिणाम व्हायचा तो झाला. डोळे गेले. काही काळ दिसेनासंच झालं. डॉक्टरी उपचार आणि तीन-चार चष्मे यांच्या जोरावर दृष्टी परत आली.

डोळ्यांचं हे सगळं वाचताना अंगावर काटा येतो, आणि त्याचं कौतुक करताना मला थोडं जपून बोलावंसं वाटतं. घरात लहान मुलं असताना कर्त्या माणसाचे डोळे जाणं ही काही रोमँटिक गोष्ट नाही. पण त्या छोट्या कॅमेऱ्याचं काम बघा. त्याच्यावर चित्रपट काढायचाच नव्हता. त्याने दोन प्रश्नांची उत्तरं द्यायची होती. एक, हे तंत्र मला जमेल का? दुसरं, कुठे अडतंय? ती मिळाल्यावरच फाळके लंडनला जायच्या तयारीला लागले.

पैसे? नव्हते. आयुर्विम्याच्या १२ हजारांच्या पॉलिसी गहाण ठेवून १० हजार उभे केले. १ फेब्रुवारी १९१२ ला बोटीत बसले. लंडनला पिकॅडिलीजवळ त्यांना एक पाटी दिसली, 'बायोस्कोप' साप्ताहिकाची. हे साप्ताहिक ते भारतात असताना मागवत असत. सरळ आत शिरून संपादक केबर्न यांना भेटले. (आज आपण एखाद्या रिव्ह्यू साइटच्या संपादकाच्या केबिनमध्ये न विचारता शिरण्यासारखं आहे हे!) केबर्ननी आधी त्यांना परावृत्त केलं. विलायतेतच कितीतरी निर्माते बुडालेत, शिवाय हिंदुस्थानची हवा या धंद्याला मानवणार नाही, असं सांगितलं. पण गडी हटत नाही म्हटल्यावर त्यांनी वॉल्टनच्या स्टुडिओचे मालक सेसिल हेपवर्थ यांच्याकडे पाठवलं. हेपवर्थनी स्टुडिओचे सगळे विभाग उघडून दाखवले, काम कसं चालतं ते प्रत्यक्ष करून दाखवलं.

आणि मग या दोघांच्या सल्ल्याने फाळक्यांनी कॅमेरा घेतला. विल्यमसन. किंमत ५० पौंड.

इथे मी थांबलो आणि कॅल्क्युलेटर काढला. ५० पौंड गुणिले १५, म्हणजे ७५० रुपये. कर्ज १० हजारांचं. म्हणजे कॅमेऱ्यावर गेले साडेसात टक्के!

बाकीचे साडेब्याण्णव टक्के बोटीचा प्रवास, लंडनचा मुक्काम, कोडॅकची कच्ची फिल्म, छिद्रं पाडायचं यंत्र आणि परत आल्यावर घर चालवत कामाला लागणं या सगळ्यासाठी. आज आपण नेमकं उलटं करतो. दोन लाख जमवले तर पावणेदोन लाख बॉडीवर घालतो आणि उरलेल्या पंचवीस हजारांत लेन्स, ट्रायपॉड, कार्डं, बॅग, हार्ड डिस्क आणि शिकणं, सगळं कोंबतो.

आणखी एक. विल्यमसन हा त्या काळातला सगळ्यात भारी कॅमेरा होता का? नाही. त्याच सुमाराला, १९११-१२ मध्ये, अमेरिकेत बेल अँड हॉवेलचा २७०९ हा पूर्ण धातूचा कॅमेरा बाजारात येत होता. प्रत्येक फ्रेम अचूक जागी धरणाऱ्या पिना असलेला, किमतीला कितीतरी महाग. पुढे हॉलिवूडने तो डोक्यावर घेतला. विल्यमसन त्यामानाने साधी लाकडी पेटी, हँडल फिरवून चालणारी. तो बनवणारे जेम्स विल्यमसन हे इंग्लंडमधल्या होव्ह गावचे औषधविक्रेते. आधी फोटोग्राफीचा नाद, मग स्वतः चित्रपट काढले, आणि मग यंत्रं बनवू लागले. म्हणजे वापरणाऱ्यानेच बनवलेला कॅमेरा. रोजच्या धंद्याला पुरेल इतका भक्कम, आणि बिघडला तर मुंबईत खोलून बघता येईल इतका साधा. आजच्या भाषेत सांगायचं तर फाळक्यांनी एंट्री लेव्हलने सुरुवात केली आणि नंतर फ्लॅगशिप न घेता मधला, कामाचा कॅमेरा घेतला.

दोन आठवडे लंडनला राहून ते १ एप्रिल १९१२ ला परतले. मे महिन्यात सामान आलं. सोबतच्या नकाशावरून चार दिवसांत जुळणी केली. आणि आता कहाणीत खऱ्या अर्थाने प्रवेश होतो सरस्वतीबाई फाळक्यांचा.

कच्ची फिल्म यायची ती बिनछिद्रांची. कॅमेऱ्यातल्या नखांनी फिल्म खाली ओढायची तर कडेला छिद्रं हवीत, आणि ती एकसारखी हवीत. एक छिद्र जरा सरकलं की पडद्यावर चित्र उडी मारणार. हे काम अंधारात करायचं, कारण उजेड लागला की फिल्म गेली. ते सरस्वतीबाई शिकल्या. फिल्म धुणं शिकल्या. दिवसा चित्रणाच्या वेळी पांढऱ्या चादरी धरून उजेड परतवायच्या, साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करायच्या, आणि रात्री छिद्रं पाडायला बसायच्या. पैसे कमी पडले तेव्हा दागिनेही दिले.

आमच्यातला इंजिनिअर स्वस्थ बसत नाही, म्हणून हाही हिशोब केला. 'राजा हरिश्चंद्र' ची लांबी ३७०० फूट. दर फुटाला १६ फ्रेम, म्हणजे ५९,२०० फ्रेम. दर फ्रेमला दोन्ही कडांना चार-चार, म्हणजे आठ छिद्रं. गुणाकार केला तर ४ लाख ७३ हजार ६००. ही फक्त तयार चित्रपटाच्या लांबीची छिद्रं. फुकट गेलेली, कापून टाकलेली फिल्म यात धरलेलीच नाही. यंत्र असलं तरी त्यात फिल्म भरणारा, ओढणारा, तपासणारा हात माणसाचाच. ५० पौंडांच्या कॅमेऱ्याचं नाव इतिहासात राहिलं. या पावणेपाच लाख छिद्रांचं किती जणांना माहीत असतं?

कॅमेरा मात्र स्वतःकडेच ठेवायचा असा फाळक्यांचा हट्ट नव्हता. त्र्यंबक तेलंग या आपल्या त्र्यंबकेश्वरच्या मित्राला त्यांनी कॅमेरा चालवायला शिकवलं, आणि 'राजा हरिश्चंद्र' चं छायाचित्रण त्यानेच केलं. फिल्म आली, यंत्र आलं, धुलाई घरात झाली, माणूस तयार केला. सावेदादांना जी साखळी मिळाली नव्हती ती दादरच्या एका घरात उभी राहिली. त्या दादर मेन रोडला आज दादासाहेब फाळक्यांचंच नाव आहे.

तरी पैसेवाले लोक तोंडी वर्णनावर विश्वास ठेवणार नव्हते. मग फाळक्यांनी कुंडीत वाटाण्याचं बी लावलं आणि कॅमेरा एका जागी ठेवून ते रोज थोडं थोडं टिपलं. महिनाभराची वाढ पडद्यावर मिनिटभरात. 'अंकुराची वाढ'. ते बघून यशवंतराव नाडकर्णींसारख्यांचा विश्वास बसला आणि पैसे उभे राहिले. आज मोबाइलमध्येसुद्धा टाइमलॅप्सचं बटण असतं. त्या काळी ते बटण म्हणजे महिनाभर एकाच जागी, एकाच उजेडात, न चुकता केलेलं काम. हा पुरावा द्यायला नट लागले नाहीत, सेट लागला नाही, महागडी लेन्स लागली नाही.

३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात 'राजा हरिश्चंद्र' लागला. पुढचं तुम्हाला माहीत आहेच. १९१४ साली फाळके आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले तेव्हा तिथल्या लोकांनी त्यांच्या तंत्राचं कौतुक केलं. मधल्या लाकडी कॅमेऱ्यावर केलेल्या कामाचं!

तिसरी तऱ्हा कोल्हापूरची. कोल्हापूर म्हणजे काय, "मिळत नाही? मग बनवू की!" बाबूराव मेस्त्री, म्हणजेच बाबूराव पेंटर, आणि त्यांचे चुलतभाऊ आनंदराव. दोघेही नाटकांचे पडदे रंगवणारे, हाताने कारागीर. फाळक्यांचं काम बघून यांनाही चित्रपट काढायचा होता. पण कॅमेऱ्याला पैसे नाहीत, आणि त्यात पहिलं महायुद्ध चालू. त्यांनी एक जुना प्रोजेक्टर मिळवला, चित्रपट दाखवायला सुरुवात केली आणि त्याच यंत्राचा अभ्यास करून कॅमेरा बनवायला घेतला. (प्रोजेक्टर आणि कॅमेरा यांचं तत्त्व एकच, फिल्म थांबत थांबत पुढे सरकवायची. एकात उजेड बाहेर जातो, दुसऱ्यात आत येतो.) १९१६ साली आनंदराव वारले. बाबूराव खचले असणारच, पण काम थांबलं नाही. विष्णुपंत दामल्यांच्या मदतीने १९१८ च्या सुमारास कॅमेरा चालू झाला. तानीबाई कागलकरांनी भांडवल दिलं आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. १९२० साली 'सैरंध्री' पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला. त्यातला कीचकवध इतका खरा वाटला की सेन्सॉरने तो कापायला लावला. घरी बनवलेल्या कॅमेऱ्याला याहून मोठं सर्टिफिकेट काय हवं? :)

या कंपनीतून दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर बाहेर पडले, १९२९ साली प्रभात काढली, १९३३ ला ती पुण्यात आली, आणि त्याच आवारात पुढे फिल्म इन्स्टिट्यूट झाली. प्रभात रोडवरून जाताना कधी आठवलं तर बघा, या सगळ्याच्या मुळाशी कोल्हापुरातला एक हातबनावटीचा कॅमेरा आहे.

आता यातली मला सगळ्यात आवडलेली तांत्रिक गंमत.

एंट्री लेव्हल विरुद्ध प्रोफेशनल या वादात पहिला मुद्दा येतो तो सेन्सरच्या आकाराचा. फुल फ्रेम म्हणजे ३६ गुणिले २४ मिलिमीटर. एपीएस-सी साधारण २३.५ गुणिले १५.६. क्षेत्रफळ काढलं तर ८६४ आणि ३६७ चौरस मिलिमीटर, म्हणजे फुल फ्रेम २.३५ पट मोठा. "फुल फ्रेमशिवाय मजा नाही" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं.

पण हा ३६ गुणिले २४ आला कुठून? तो आला सिनेमाच्या फिल्ममधून. मूकपटाच्या काळात ३५ मिलिमीटर फिल्म उभी सरकायची आणि एक फ्रेम असायची साधारण २४ गुणिले १८. १९१३-१४ च्या सुमारास, म्हणजे 'राजा हरिश्चंद्र' च्याच आसपास, जर्मनीत ऑस्कर बार्नाक नावाच्या इंजिनिअरने हीच फिल्म आडवी सरकवून फ्रेम दुप्पट केली. तोच पुढे १९२५ साली बाजारात आलेला लायका, आणि तेच आजचं फुल फ्रेम. म्हणजे फाळक्यांच्या फ्रेमचं क्षेत्रफळ ४३२ चौरस मिलिमीटर. फुल फ्रेमच्या बरोबर निम्मं, आणि आजच्या सुरुवातीच्या मिररलेसमधल्या एपीएस-सी सेन्सरपेक्षा जेमतेम थोडं मोठं. अयोध्येचा राजा असो की तारामती, सगळे मावले होते ते आज आपण ज्याला "बिगिनर सेन्सर" म्हणून नाक मुरडतो जवळजवळ तेवढ्याच चौकटीत.

हे वाचून "बघा, कॅमेऱ्याने काही फरक पडत नाही, नजर महत्त्वाची!" असं कोणी म्हणणार असेल तर मी सहमत नाही. फाळक्यांच्या गोष्टीचा अर्थ तो नाहीच. कॅमेऱ्याने फरक पडत नसता तर पॉलिसी गहाण ठेवून लंडनला जायची गरज काय होती? त्या छोट्या कॅमेऱ्यावर 'राजा हरिश्चंद्र' झाला नसता. फरक पडतो. प्रश्न एवढाच की कुठल्या कामात, आणि तो फरक आपल्याला आत्ता नडतोय का.

म्हणून आजच्या दोन टोकांकडे बघू. कॅनन आर ५० घ्या, २०२३ सालचा. बॅटरी-कार्डासकट वजन ३७५ ग्रॅम. एकच कार्ड मावतं. सोबत येणारी १८-४५ लेन्स झूम केल्यावर एफ ६.३ वर येते. दुसरीकडे निकॉन झेड ९, २०२१ सालचा. वजन १३४० ग्रॅम, कार्डांच्या दोन जागा, यांत्रिक शटरच नाही इतका वेगवान सेन्सर, पाऊस-धुळीपासून बंदिस्त बॉडी. चित्राचा दर्जा? भर उन्हात, स्थिर विषयावर, दोन्हींचे फोटो ए-४ कागदावर छापून शेजारी ठेवले तर बहुतेकांना ओळखू येणार नाही.

मग पैसे कशाचे? मुख्यतः वाईट दिवसाचे. लग्नात मंगलाष्टकं संपून अंतरपाट दूर होतो तो क्षण एकदाच येतो. त्या वेळी कार्ड बिघडलं तर "पुन्हा एकदा धरा हो अंतरपाट" असं सांगता येत नाही. म्हणून जो दुसऱ्याच्या लग्नाचे पैसे घेतो त्याला दोन कार्डं एकाच वेळी लिहिणारा कॅमेरा हवाच. आमच्या मुळशीच्या पावसात तासन् तास उभं राहून पक्षी टिपायचे असतील तर बंदिस्त बॉडी हवी. मुलीचा वाढदिवस, गड, गणपती, ताम्हिणीतला धबधबा यांसाठी यातलं बहुतेक काहीच नडत नाही. प्लास्टिकची पिशवी आणि रुमाल पुरतो, आणि घरी आल्यावर सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात लेन्स ठेवली तर बुरशीही लागत नाही. (हे महागड्या लेन्सलाही लागू आहे. बुरशी किंमत बघत नाही.)

आणि नडलंच तर बहुतेक वेळा आधी लेन्स नडते. एफ ६.३ ऐवजी एफ २.८ ची लेन्स लावली तर पाचपट उजेड आत येतो. सेन्सर बदलून मिळणारा २.३५ पटीचा फायदा त्यापुढे कमीच. पुढे बॉडी बदलली तरी त्याच माउंटची चांगली लेन्स बरोबर राहते, फक्त ती फुल फ्रेमलाही पुरणारी आहे ना, एवढं घेताना बघायचं.

माझ्या मित्राला मी हेच मांडून दाखवलं. सल्ला नाही, फाळक्यांचा क्रम. आधी साधी बॉडी आणि एक चांगली लेन्स. त्याच्यावर नोकरी न सोडता वर्षभर ओळखीच्यांची कार्यं, दुसऱ्या फोटोग्राफरच्या हाताखाली दुसरा कॅमेरा म्हणून उभं राहणं. याच वर्षात कळतं की पहाटे पाचच्या मुहूर्ताला उभं राहायची हौस टिकते का, आणि दोन हजार फोटो निवडायला रात्री बसवतं का. हा त्याचा वाटाण्याचा वेल. तो उगवला की मग कर्ज, आणि त्या कर्जातही कॅमेऱ्याचा वाटा किती, बाकीच्या साखळीचा किती, हे कागदावर लिहून. ज्या दिवशी "हे मला या कॅमेऱ्याने करता येत नाहीये" असं बोट ठेवून दाखवता येईल, त्या दिवशी मोठा घ्यायचा. त्याआधी घेतला तर आपण फक्त किंमत मोजतो, कशाची ते आपल्याला माहीत नसतं.

आणखी एक गोष्ट मी त्याला सांगितली, आणि ती त्याला बाकी सगळ्यापेक्षा जास्त लागली असं मला वाटतं. फाळक्यांच्या घरात तो निर्णय एकट्याचा राहिला नव्हता. पॉलिसी गहाण पडल्या त्या सगळ्या घराच्या भविष्याच्या. दागिने गेले ते सरस्वतीबाईंचे. छिद्रं पाडली ती त्यांनी. आपल्याकडे कॅमेऱ्याचा बॉक्स बऱ्याचदा घरी गुपचूप येतो आणि किंमत अर्धीच सांगितली जाते. ज्या घरात फिल्मची पेटी स्वयंपाकघराजवळ उघडली गेली आणि दोघांनी मिळून ती समजून घेतली, त्या घरातून चित्रपट बाहेर पडला.

असो. फार लांबलं. तुम्ही कुठला घेताय ते कळवा. घेण्याआधी मात्र एकूण किती पैसे आहेत आणि त्यातले किती टक्के बॉडीवर जाणार आहेत, एवढा भागाकार करून बघा. साडेसात नाही येणार, पण नव्वद येत असेल तर अजून थोडे दिवस थांबायला हरकत नाही. आहे त्या मोबाइलवर कुंडीतलं एखादं रोप महिनाभर टिपता येईल की!